मोडीतला नवा तांब्या

"ज्याला कष्ट लागत न्हाईत, असलीच आयडिया सांगा," खोत सर म्हणाले. "तुमचं दहावीचं वर्ष हाय. पैसे गोळा करत हिंडला आणि नापास झाला, तर तुमच्या आया माझ्या दारात येऊन बसतील."

मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीच्या सावलीत आमची सगळी टीम बसली होती. जिल्हा जिंकून, मग विभाग जिंकून आम्ही राज्य स्पर्धेपर्यंत पोचलो होतो आणि स्पर्धा होती नागपूरला. मुलींनी फुटबॉल खेळत एवढ्या लांब जायचं असतं, हे शाळेच्या हिशोबातच नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंनी आमचं तोंडभरून कौतुक केलं आणि रेल्वेच्या तिकिटांचा विषय निघताच चष्मा पुसायला घेतला. कोल्हापुरात फुटबॉलसाठी माणसं जीव टाकतात, पण तो पेठांतल्या पोरांच्या फुटबॉलसाठी. आमचे सामने बघायला यायचे ते फक्त खोत सर आणि शेजारच्या बागेचा माळी.

"सर, कुपनं छापूया," एक जण म्हणाली.

"आणि दारोदार हिंडून विकणार कोण?"

"भेळेची गाडी लावूया."

"कांदा कोण चिरणार, तू?"

"सर, माझा मामा लई श्रीमंत हाय," सुनंदा म्हणाली.

"मग विचार की मामाला."

"मामा आमच्यासंगं बोलत न्हाई."

सगळ्या हसल्या. मी गोलकीपर होते. कमीत कमी पळावं लागतं म्हणून मी ती जागा मागून घेतली होती, त्यामुळे बिनकष्टाच्या कामात माझं डोकं सर्वांत आधी चालायला हवं होतं. पण ते चाललं अक्कीचं.

"सर, मोड गोळा करूया की," ती म्हणाली.

आमच्याकडे प्रत्येक घरात तांब्या-पितळेची फुटकी, चेपलेली, कान तुटलेली भांडी पोटमाळ्यावर पडून असतात. कुणी वापरत नाही आणि कुणी टाकतही नाही. नवं भांडं घ्यायला गेलं की जुनं दुकानात मोडीत घालायचं, एवढाच त्यांचा उपयोग.

"घरटी एक मोडीचं भांडं आणायचं," अक्की म्हणाली. "कुणाकडं पैसा मागायला नको, कांदा चिरायला नको. पोत्यात भरायचं आणि दुकानात नेऊन घालायचं. मी आईला सांगतो. आमच्या माळ्यावर लई पडलंय."

सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. अशा तऱ्हेने आमच्या नागपूरच्या प्रवासाची सोय झाली.

अक्कीचं पूर्ण नाव अक्काताई बाबासो तोडकर. आजीचं नाव नातीला ठेवलेलं, त्यामुळे सोळाव्या वर्षी तिच्या गळ्यात साठीतल्या बाईचं नाव पडलं होतं. सामन्याआधी माईकवरून नावं पुकारायचे तेव्हा "अक्काताई" ऐकून समोरच्या टीमच्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. हसणं पहिला गोल बसेपर्यंतच टिकायचं. अक्की डाव्या पायाची होती. सरावात तिच्या पेनल्टी अडवून अडवून माझ्या मनगटांना कायम सूज असायची, आणि मी एकदा जरी बॉल अडवला तरी ती माझ्यावर दिवसभर रुसायची.

नागपूरला तिचं सगळ्यांत जास्त अडलं होतं. आम्ही बाकीच्या मजा म्हणून जाणार होतो. पण तिथे निवड समिती येणार होती आणि खेळणाऱ्यांतून ते पुण्याच्या सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी मुली उचलणार होते. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं फुकट. सर म्हणायचे, "अक्की शंभर टक्के जाणार. एकदा त्यांनी तिचा डावा पाय बघायचा अवकाश." अक्कीचे वडील मार्केट यार्डात गुळाच्या भेल्या उचलायचे, तिला दहावीच्या पुढे शिकवायचं नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

"एकदा पुण्याला गेलो की परत येत न्हाई बघ," ती मला म्हणायची. आम्ही कोल्हापूरच्या मुली "मी येतो, मी जातो" असंच बोलतो. बाहेरचे लोक हसतात, आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मधल्या एका रविवारी ती सरावाला उशिरा आली.

"घरात पाव्हणे आलते," बूट बांधता बांधता ती म्हणाली. "आबांच्या वळखीचे. मला च्या द्यायला लावला. त्यांच्यात एक म्हातारी हुती, मला नाव विचारली. अक्काताई म्हणालो तर असं तोंड केली, जसा काय च्यात मीठ पडलंय."

"मग तू काय केलीस?"

"काय करतो? कप उचलला आणि पळत आलो."

तिने म्हातारीच्या तोंडाची नक्कल केली. आम्ही पोट धरून हसलो.

मोड गोळा करायच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात भांड्यांचा डोंगर झाला. तांबं वेगळं, पितळ वेगळं करायचं काम होतं. त्यात आम्हाला खेळ सापडला. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. त्यामुळे प्रत्येकीने आपल्या हातातल्या भांड्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं. कै. गोदाबाई यांचे स्मरणार्थ. चि. शामराव यास आत्याकडून. एका घागरीवर कुस्तीतलं बक्षीस म्हणून तालमीचं नाव होतं आणि त्या घागरीला बूड नव्हतं. सर म्हणाले, "पैलवानानं बक्षीस पाण्याला न्हाई, पाण्यात घातलेलं दिसतंय."

अक्कीचं पोतं सगळ्यात शेवटी उघडलं.

"आईनं स्वतः भरलंय," ती म्हणाली. "मला हात लावून दिली न्हाई. म्हणाली, सरांच्या म्होरंच उघड."

वर चेपलेलं घंगाळ, दोन गळकी पातेली, झाकण नसलेला डबा. तळाशी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलं होतं. अक्कीने ते सोडलं. आत पितळी तांब्या होता, नवा कोरा. त्याला अजून चिंचही लागली नव्हती. उन्हात धरला तर डोळे दिपत होते.

"नाव वाच," मी म्हणाले.

अक्कीने तो फिरवून काठाखालची अक्षरं शोधली. "सौ. मयूरी सर्जेराव मोहिते."

"ही कोण गं?" सरांनी विचारलं.

"आमच्यात कोण मयूरी न्हाई बा." तिने परत एकदा वाचलं. "नाव मात्र झ्याक हाय. माझं असलं असतं तर माईकवर पुकारताना कोण हसलं नसतं."

सरांनी तांब्या हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. "नवं भांडं मोडीत घेणं बरं न्हाई. कुणाच्यातरी संसाराचं असणार, तुझ्या आईकडनं चुकून आलं असंल. आत्ताच्या आत्ता परत देऊन ये. जयू, तू जा हिच्यासंगं."

आम्ही निघालो. वाटेत अक्की तांब्या हवेत उडवून झेलत होती. तिचं घर गावाच्या टोकाला, यार्डाच्या मागे. वडील दारात बसून तंबाखू मळत होते.

"आबा, आईनं ह्यो चुकून मोडीत घातलेला," ती म्हणाली आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तांब्याकडे बघितलं. मग घराच्या आत बघितलं. तेवढ्यात अक्कीची आई हात पुसत बाहेर आली. तिला नवऱ्याच्या हातात तांब्या दिसला आणि ती जागच्या जागी थांबली.

"सरांनी बघितला?" तिने अक्कीला विचारलं.

"बघितला की. सरांनीच सांगितलं, परत देऊन ये म्हणून."

ती उंबऱ्यावर बसली. मला वाटलं, चक्कर आली असेल. अक्कीचे वडील माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "जा बाळ तू. उशीर हुईल तुला."

मी वळले. अक्की दारातून ओरडली, "जयू, उद्या लवकर ये. धा पेनल्टी मारतो तुला. एकपण अडवून दावायची न्हाईस."

तिच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी सर तिच्या घरी जाऊन आले. वडिलांनी सांगितलं होतं, आत्या आजारी आहे, अक्काताई तिच्याकडे गेली आहे, जायच्या दिवशी थेट स्टेशनवर येईल. सरांना ते खरं वाटलं. त्यांनी तिचं तिकीट काढून ठेवलं. मोडीला चांगला भाव आला होता. सगळ्यांची तिकिटं निघून वर नवे मोजेसुद्धा आले.

स्टेशनवर आम्ही तिची वाट बघितली. गाडीने शिट्टी दिली तरी सर फलाटावरच उभे होते, गेटकडे तोंड करून. गाडी हलल्यावर त्यांनी दांडा पकडला. तिची दहा नंबरची जर्सी माझ्या पिशवीत होती.

नागपूरला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. मी चार गोल खाल्ले आणि सामना संपल्यावर गोलातच बसून रडले. निवड समितीतल्या एका बाईंनी सरांना विचारलं, "विभागात सगळे गोल जिने केले, ती डावखुरी मुलगी कुठे आहे?" सर म्हणाले, "आजारी आहे." त्या बाईंनी हातातल्या कागदावर एक रेघ मारली आणि पुढच्या टीमकडे गेल्या.

परत आल्यावर मी सगळ्यात आधी अक्कीच्या घरी गेले. जर्सी द्यायची होती, आणि भांडायचंही होतं. गल्लीत शिरले आणि लांबूनच तिच्या घराची भिंत दिसली. पांढऱ्या चुन्यावर लाल-निळ्या रंगात गणपती काढला होता. एका बाजूला चि. सौ. कां. अक्काताई, दुसऱ्या बाजूला चि. सर्जेराव. खाली लग्नाची तारीख. आम्ही नागपूरला हरलो तोच दिवस.

मी ते नाव परत परत वाचत राहिले. सर्जेराव. हे नाव मी कुठे ऐकलं होतं? मग कानात अक्कीचाच आवाज आला. सौ. मयूरी सर्जेराव मोहिते. आमच्यात कोण मयूरी न्हाई बा.

तिने स्वतःचंच नाव वाचलं होतं. मोठ्याने, दोनदा, आम्हा सगळ्यांसमोर. आणि आवडलं म्हणाली होती.

दारात मांडवाची पानं वाळून पडली होती. तिची आई आतून आली. मी जर्सी पुढे केली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं. लाज वाटली असेल, असा मी अर्थ काढला. सोळाव्या वर्षी मला दुसरा अर्थ सुचणार तरी कुठून?

सरांना कळलं तेव्हा ते यार्डात जाऊन अक्कीच्या वडिलांना वाट्टेल ते बोलले. वडील मान खाली घालून ऐकत होते म्हणे. नवरा चिंचवडला कंपनीत परमनंट होता, हुंडा नको म्हणाला होता. असं स्थळ कोण सोडणार, एवढंच ते म्हणाले. सरांनी दहा नंबरची जर्सी माझ्याकडून घेऊन आपल्या कपाटात ठेवली आणि पुढे रिटायर होईपर्यंत तो नंबर कुणालाच दिला नाही. मुली कारण विचारायच्या. सर सांगायचे, "शिंप्याला दहा लिवता येत न्हाई."

मी शिकले, पी.टी.ची टीचर झाले, त्याच शाळेत लागले. सर वारले. मोड गोळा करायची पद्धत मात्र शाळेत राहिली, टीम कुठे निघाली की अजून आम्ही तेच करतो. फक्त मी नव्या भांड्याला बोट लावायचं धाडस करत नाही. कुणाचं नवं भांडं आलं की मी त्या मुलीच्या घरी स्वतः जाते आणि चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून, घरात काय चाललंय ते बघून येते. का करते, हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

गेल्या थंडीत मी मंडईत मेथी घेत होते. खाली वाकून जुडी उचलली तर भाजी विकणारी म्हातारी माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"जयू न्हवं तू? गोलात हुबी ऱ्हायचीस ती?"

अक्कीची आई होती. मी ओळखलं ते आवाजावरून. तोंडावर काही शिल्लक नव्हतं. मी तिच्या पोत्यावर बाजूला बसले.

"काकू, अक्की कशी हाय?"

"बरी हाय. दोन पोरं झाली. फोन करती." तिने मेथीवर पाणी शिंपडलं. "आता 'मी येते, मी जाते' म्हणती. आपल्यातलं बोलणं सोडलं तिनं. तिकडं मयूरी म्हणत्यात तिला. मला त्या नावानं हाक मारायला जमत न्हाई, म्हणून मी नुसतं 'बाळ' म्हणतो."

मी जुड्या सारख्या करत बसले.

"एक इचारू काय?" ती म्हणाली. "लई वर्सं झाली, इचारीन म्हणून ऱ्हायलंय."

"विचारा की."

"तवा सरांनी वाचलं न्हवतं व्हय?"

"काय वाचलं?"

"तांब्यावरचं."

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"ह्यांनी मला झोपल्याल्या पोरीच्या डोक्यावर हात ठिवायला लावला हुता," ती सांगू लागली. "तोंडातनं शब्द काढशील तर पोरगी मरंल, म्हणाले. सरांना कळलं तर पोलीस येतील, म्हणून भ्या हुतं त्यास्नी. लगीन हाय हे पोरीलाबी म्हाईत न्हवतं. मी शब्द काढला न्हाई. पर भांडी माळ्यावर आणून ठिवलीती, तिच्या नावाची. मी म्हटलं, सर शिकल्यालं हायत, तिचं नाव आणि म्होरं नवऱ्याचं नाव वाचलं की समजतील. धावत येतील." ती थांबली. "तुमी तर परत आणून दिला."

इतकी वर्षं ही बाई धरून चालली होती, की सरांनी वाचलं, आम्ही सगळ्यांनी वाचलं, आणि आपल्याला काय करायचंय म्हणून तांब्या परत पाठवला. त्या दिवशी तिने दार लावलं ते लाजेने नव्हे, माझ्या तोंडावर लावलं होतं. आता खरं सांगून तरी काय होणार होतं? पण न सांगणं त्याहून वाईट होतं.

"काकू, त्यावर अक्काताई नव्हतं."

"आं?"

"अक्काताई लिहिलंच नव्हतं. मयूरी लिहिलं होतं. सरांनी वाचलं. अक्कीनंपण वाचलं. कुणालाच कळलं न्हाई ही मयूरी कोण."

"दुकानात मी ह्यांच्या शेजारी हुबी हुतो की," ती म्हणाली. "शेठ ठाकठूक करून नाव घालालता, मी बघालतो. मला वाटलं..."

तिचं वाक्य तिथेच राहिलं.

मग तिने भाजीत खोचलेली भावाची पाटी काढली, हाताने पुसली आणि खडूसकट माझ्या मांडीवर ठेवली.

"अक्काताई कसं लिवत्यात, दाव."

मी लिहिलं. मोठ्या अक्षरात, पहिलीच्या पोरांना लिहून देतो तसं.

"आता ते दुसरं."

मी खाली मयूरी लिहिलं.

तिने पाटी डोळ्यांजवळ नेली. वरच्या नावावरून नुसती नजर फिरवली. खालच्या नावावर मात्र बोट टेकवलं आणि यू-च्या खालच्या वळणावरून हळूहळू फिरवत नेलं.

"हेच," ती म्हणाली. "खाली शेपूट असल्यालं. रोज रातीला माळ्यावर चढून बोट फिरवायचो मी ह्याच्यावर. माझ्या पोरीचं नाव म्हणून."

मी रडत होते. ती रडत नव्हती. तिने पाण्याच्या डब्यात बोटं बुडवली, खालचं नाव घासून घासून पुसलं आणि पाटी परत मेथीत उभी केली, तोंड गिऱ्हाइकांकडे करून.

एक बाई येऊन थांबली. पाटी वाचून जरा गोंधळली.

"मावशी, अक्काताई म्हणजे काय भाव?"

"भाव न्हाई त्यो," अक्कीची आई म्हणाली. "माझ्या पोरीचं नाव हाय."